लेन्स मागायला जाण्याचं निमित्त

एकदा एक छायाचित्रकार, नवा कॅमेरा कोणत्या कंपनीचा घ्यावा एवढंच विचारायला आपल्या गुरूंकडे गेला, आणि गुरूंनी त्याच्यापुढे हात जोडले. गुरूने शिष्यापुढे हात जोडावेत ही काही रीत नव्हे. शिष्य चक्रावला, मग चिडला आणि घरी निघून गेला. ते हात कशासाठी जोडले होते हे त्याला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. उशिरा कळलेल्या गोष्टीच माणसं दुसऱ्यांना सांगत बसतात, म्हणून ही मीही सांगतो.

शिष्याचं नाव केदार. तालुक्याच्या गावी त्याचा स्टुडिओ होता आणि पंचक्रोशीतल्या लग्नामुंजींचे फोटो बहुधा त्याच्याच हातचे असत. गुरूंना सारा गाव मास्तर म्हणे. ते कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. पण फिल्मच्या रिळांच्या काळापासून त्या भागात ज्याच्या म्हणून गळ्यात कॅमेरा आला, तो त्यांची बोलणी खाऊनच बाहेर पडलेला. आता त्यांचं वय झालं होतं. हात कापत, म्हणून स्वतः फोटो काढणं त्यांनी थांबवलं होतं, पण काहीही खरेदी करण्याआधी लोक अजून त्यांचा सल्ला घेत. त्यांचा स्वभाव असा, की कुणी काही विचारलं की उलट त्यालाच प्रश्न करायचे आणि त्याचं उत्तर त्यालाच शोधायला लावायचं. पुष्कळ जण याने वैतागत. शहाणे पुन्हा येत.

केदारला एक गुरुबंधू होता, जयवंत. दोघं एकाच वर्षी मास्तरांच्या हाताखाली आले, एका डब्यात जेवले, मास्तरांच्या शिव्याही वाटून खाल्ल्या, आणि पुढे दोघांनी भागीत स्टुडिओ काढला. त्यांचं काम बघत राहावं असं असे. लग्नात केदार बोहल्यापाशी आणि जयवंत त्याच्या पाठीशी. कॅमेरे एकाच कंपनीचे, त्यामुळे सगळ्या लेन्स दोघांत सामाईक. कॅमेऱ्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, लग्नाचं काम एका लेन्सवर भागत नाही. सगळा मांडव एका चौकटीत घ्यायचा तर रुंद लेन्स लागते, आणि दूर उभं राहून कुणाच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचं तर लांब पल्ल्याची. विधी चालू असताना केदारला लेन्स बदलायची झाली की तो मागे वळून न बघता नुसता हात मागे करी, आणि जयवंत त्या हातावर लेन्स ठेवी. कोणती हवी ते सांगावं लागत नसे. मास्तरांनी एका लग्नात हे पाहिलं आणि ते काहीच बोलले नाहीत. मास्तर काही बोलले नाहीत म्हणजे खूश झाले, असं समजायची तिथे पद्धत होती.

मग एका लग्नात तो हात रिकामा राहिला.

कन्यादान चाललं होतं. मुलीचा बाप म्हणजे गावातला तिरसट गृहस्थ. त्याला कुणी धड हसताना पाहिलं नव्हतं, रडताना तर लांबच राहिलं. मुलीच्या हातावर पाण्याची धार धरता धरता त्या माणसाचा बांध फुटला. केदारने हात मागे केला. हातावर काही आलं नाही. त्याने वळून पाहिलं तर जयवंत जागेवर नव्हता, आणि लांब पल्ल्याची लेन्स जयवंतच्या खांद्यावरच्या पिशवीत. ते दृश्य गेलं ते गेलंच. पुढे अल्बम बघताना मुलीकडच्यांनी नेमका तोच फोटो मागितला, आणि केदारने चार माणसांसमोर सांगून टाकलं, की तेव्हा जयवंत काम सोडून बाहेर जाऊन बसला होता, काय विचारायचं ते त्याला विचारा. जयवंत खाली मान घालून उभा राहिला. परतताना रस्त्यात तो म्हणाला, "जरा बसलो होतो रे बाहेर. पण चार माणसांत माझं नाव घ्यायला नको होतंस."

इथे केदारने 'चुकलो' म्हटलं असतं तर मला सांगायला काही उरलं नसतं. पण जीभ ती. तो म्हणाला, "नाव घेऊ नको, तर तुझी आरती ओवाळू?" मग शब्दाने शब्द वाढला. जुनी उणीदुणी निघाली, कोण किती राबतो आणि कोण कुणाच्या जिवावर जगतो इथवर मजल गेली, आणि लग्नसराई संपायच्या आत भागी मोडली.

वाटणीत दोघांना एकेक कॅमेरा आला. तिथे वाद नव्हता. लेन्सची वाटणी मात्र हट्टाने झाली. लांब पल्ल्याच्या दोन होत्या, त्या जयवंतने घेतल्या. बदल्यात रुंद सगळ्या केदारने. बघणाऱ्याला वाटावं, काय न्यायाने वागली माणसं. खरं म्हणजे दोघांच्याही मनात एकच होतं, की बघू याचं घोडं कधी अडतं ते, येईल मुकाट माझ्या दारात. गेलं कुणीच नाही. जयवंत नदीपलीकडच्या आपल्या गावी जाऊन राहिला आणि तिकडचीच कामं करू लागला. त्यानंतर केदारच्या फोटोंत मांडव दिसे पण माणसं जवळ येत नसत, आणि जयवंतच्या फोटोंत चेहरे असत पण ते कुठल्या मांडवातले हे कळत नसे. गिऱ्हाइकांच्या ते लक्षात येत नव्हतं. मास्तरांना दोघांचेही फोटो बघायला मिळत, आणि बघून ते बाजूला ठेवून देत.

अशी दोन वर्षं गेली. केदारचा कॅमेरा थकला, शटर मधेच अडकू लागलं. तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू, म्हणजे नवा कॅमेरा घेणं भागच होतं.

आता कॅमेरा घेणं म्हणजे नुसता कॅमेरा घेणं नव्हे. लेन्स ज्या कडीत फिरवून बसवतात ती कडी प्रत्येक कंपनीची निराळी. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर बसत नाही. मधे घालायची जोडकडी मिळते हे मलाही ठाऊक आहे, जाणकारांनी लगेच पत्रं लिहू नयेत. तिने लेन्स बसते, पण फोकस रखडतो, आणि सप्तपदी कुणाच्या फोकससाठी थांबत नाही. म्हणून एकदा कंपनी निवडली की माणूस वर्षानुवर्षं तिचा होऊन बसतो. कॅमेरा चार-पाच वर्षांत जुना होतो, काच टिकते. केदारपुढे दोन वाटा होत्या. जुन्याच कंपनीचा नवा कॅमेरा घेतला तर रुंद लेन्स होत्या त्या चालल्या असत्या, उणीव राहिली असती ती लांब पल्ल्याच्या लेन्सची. नाहीतर जुनं सगळं दुकानदाराला बदल्यात द्यायचं आणि दुसऱ्या कंपनीचा आख्खा संच घ्यायचा, लांब पल्ल्याच्या लेन्ससकट. त्याने कितीतरी दिवस मोबाइलवर तुलना बघितल्या, शहरातल्या दुकानात जाऊन दोन्ही कॅमेऱ्यांनी सारखेच फोटो काढून आणले, आणि ते घेऊन तो मास्तरांकडे गेला.

मास्तर ओसरीवर बसले होते. त्यांनी भिंग लावून एकेक फोटो पाहिला. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा सरस आहे, असं त्यांनी आपणहून सांगितलं. कमी उजेडात रंग टिकतात, माणूस हलला तरी फोकस डोळ्यांवरून सुटत नाही, वजनालाही हलका. केदारला बरं वाटलं. आपली निवड मास्तरांना पटली, आता उठावं, अशा बेतात तो होता.

"तरी तू जुन्याच कंपनीचा घे," मास्तर म्हणाले. "आणि लांब पल्ल्याची लेन्स विकत घेऊ नकोस. लागली की मागून आण."

"कुणाकडून?"

"ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून."

केदारने जमेल तेवढ्या शांतपणे सांगितलं, की मी कॅमेऱ्याबद्दल विचारायला आलो आहे, जयवंतबद्दल नाही. त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर नदीवर पूल आहे, त्याने यावं. एरवी यावर मास्तरांनी उलट काहीतरी विचारलं असतं. त्या दिवशी विचारलं नाही. ते आत गेले आणि कपाटातून आपली स्वतःची लेन्स घेऊन आले. जुन्याच कंपनीची, चेहरे टिपायची. तिला त्यांनी जन्मात कुणाला हात लावू दिला नव्हता. ती त्यांनी केदारच्या हातात ठेवली. म्हणाले, ही घेऊन जा, पण याच कंपनीत राहा. केदारने ती परत त्यांच्या खुर्चीवर ठेवली. तेव्हा तो म्हातारा माणूस गुडघ्यांवर हात टेकत उभा राहिला आणि त्याने कापते हात जोडले.

"एवढं ऐक माझं," ते म्हणाले.

केदारला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग, माणसाच्या मनाची गंमत बघा, त्या लाजेचाच राग झाला. कारण काय ते तरी सांगा, असं तो दोनदा म्हणाला. मास्तरांनी तोंड फिरवलं. ते कारण सांगेनात आणि हातही खाली घेईनात. केदार त्यांच्या पाया न पडता निघाला. वाटेत त्याच्या डोक्यात नाही नाही ते आलं. मास्तरांना म्हातारचळ लागला असेल. नाहीतर जयवंतने येऊन कान भरले असतील, त्याचा पहिल्यापासून त्यांना पुळका. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ते हरीचं झालं. मी कुठे अडलो आहे? त्याच आठवड्यात तो शहरात गेला, जुन्या लेन्स दुकानदाराच्या पुढ्यात ठेवल्या आणि दुसऱ्या कंपनीचा संच घेऊन आला.

खरं सांगायचं तर कॅमेरा उत्तम होता याचा त्याला आनंद झालाच. पण त्याहून मोठा आनंद निराळा होता. आता उद्या जयवंतने आपल्या पायाने येऊन लेन्स पुढ्यात ठेवली, तरी ती बसणार नव्हती. हा विचार त्याच्या मनात कितीदा तरी येई आणि दर वेळी गोड लागे. केदार वाईट माणूस नव्हता, बरं का. असला गोडवा तुम्हीआम्हीही चाखलेला आहे.

त्या सराईत त्याचे फोटो फार नावाजले गेले. माघात एका साखरपुड्याला तो उभा असताना खिशातला फोन थरथरला. मास्तरांचा होता. मास्तर कामाच्या वेळी कधी फोन करत नसत, म्हणून त्याने घेतला. "जयवंत गेला," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

केदार कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून मोटारसायकलवर बसला. पूल ओलांडून तो नदीपलीकडे पोचला तेव्हा लोक स्मशानात होते आणि चिता पेटलेली होती. कुणी त्याला पुढे बोलावलं नाही, कुणी मागेही सारलं नाही. शेजारी उभा असलेला गावातला एक माणूस हळू आवाजात सांगू लागला, की हृदयाची झडप खराब होती, दोनेक वर्षं झाली, डॉक्टरांनी ओझं उचलायची बंदी केली होती, तरी हा थोडंफार काम करतच होता. मग त्याने केदारच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही त्यांचे भागीदार ना? तुम्हाला माहीत नव्हतं?"

केदारने नकारार्थी मान हलवली. दहाव्याला तो गेला नाही, तेराव्यालाही नाही. तिथे जाऊन कोणत्या तोंडाने बसायचं हे त्याला कळेना. स्टुडिओ उघडायचा आणि काउंटरमागे बसून राहायचं, असे ते दिवस गेले.

मग एका दुपारी जयवंतची बायको सुलभावहिनी स्टुडिओत आली. हातात जयवंतची खांद्यावरची पिशवी. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आता त्या घरात ती एकटीच होती. केदारने खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. पिशवी काउंटरवर ठेवून म्हणाली, "यांनी सांगितलं होतं, लेन्स केदारच्याच हातात द्यायच्या. दिल्या." आणि ती एसटी चुकेल म्हणून निघून गेली. तिच्या आवाजात राग असता तर केदारला सोसला असता. राग नव्हता.

पिशवीत लांब पल्ल्याच्या दोन्ही लेन्स होत्या. काचा पुसून लख्ख केलेल्या, मागेपुढे झाकणं बसवलेली. केदारने त्यातली मोठी उचलली. हाताला तिचं वजन ओळखीचं होतं, आणि हाताने नेहमीचं काम केलं, झाकण काढून ती कॅमेऱ्याला लावली आणि फिरवली. बसली नाही. बसणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्याने पुन्हा फिरवली, आणि मग काउंटरवर डोकं टेकून तो रडला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला जयवंतचा राग आला नाही.

ती पिशवी घेऊनच तो मास्तरांकडे गेला आणि ओसरीवर त्यांच्या पायाशी बसला. लेन्स बाहेर काढायची गरज पडली नाही. मास्तरांनी पिशवी ओळखली. केदारने विचारलं, की तुम्हाला सगळं माहीत होतं ना? मास्तर हो म्हणाले. जयवंत त्यांच्याकडे आला होता. त्या कन्यादानाच्या वेळीच पहिल्यांदा त्याला घेरी आली होती आणि तो भिंतीला टेकून बाहेर बसला होता. पुढे दुखणं काय ते कळल्यावर त्याने मास्तरांना शपथ घातली, की केदारला यातलं अवाक्षर कळता कामा नये. यायचं तर त्याने मला भेटायला यावं, माझ्या दुखण्याला भेटायला नको.

"मग मी काय करणार होतो?" मास्तर म्हणाले. "शपथ दुखण्याची होती, कॅमेऱ्याची नव्हती. म्हणून मी कॅमेऱ्याच्या वाटेने तुला तिकडे पाठवायला बघितलं. अरे, भांडलेल्या माणसांना प्रेम असून पुरत नाही, निमित्त लागतं. 'माझं चुकलं' म्हणायला नदी ओलांडणं फार जड जातं. 'जरा लेन्स दे' म्हणायला जाता येतं. तू गेला असतास, त्याने दार उघडलं असतं, आणि पुढचं तुझ्या डोळ्यांना दिसलं असतं, मला सांगावं लागलं नसतं. कॅमेरा घेताना सगळे विचारतात, फोटो कसे येतील. अडल्यावर कुणाच्या दारात जाता येईल, हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा चांगलाच होता रे. पण तो घेतल्यावर तुला कुणाकडे जायची गरजच उरणार नव्हती, आणि तुला तेच हवं होतं."

केदार म्हणाला, शपथ मोडून सांगायला हवं होतंत. मास्तरांनी आपल्या कापणाऱ्या हातांकडे पाहिलं. "असेल," ते म्हणाले. "तेवढं माझ्या पदरात राहील." मग त्यांनी पिशवी उचलून केदारच्या खांद्यावर अडकवली आणि सांगितलं, की या तुझ्या कॅमेऱ्याला बसत नाहीत हे त्या माउलीला जाऊन सांग. का बसत नाहीत, तेही सांग. खोटं बोलून ठेवून घेऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी केदार पूल ओलांडून गेला. दोन वर्षं हा पूल त्याला जगाच्या टोकाला आहेसा वाटत होता. मोटारसायकलला तिथे जायला वेळही लागला नाही, आणि त्याचंच त्याला फार वाईट वाटलं. सुलभावहिनी दारातच होती. तिने त्याला आत बसवलं. समोर जयवंतचा फोटो होता, हार घातलेला. त्याच्याकडे पाठ करून बसावं की तोंड करून, हे न कळून केदार तिरका बसला, आणि पिशवी मधे ठेवून त्याने सगळं सांगितलं. या लेन्स आपल्याकडे चालणार नाहीत. आपण कंपनी बदलली. आणि ती चांगल्या फोटोंसाठी बदलली असं लोकांना सांगत होतो, पण त्याच्या लेन्स आपल्याला कधी लागू नयेत यासाठीही बदलली होती. एवढं बोलून तो थांबला. आता ही जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"त्यांना माहीत होतं, भाऊजी," वहिनी म्हणाली.

केदारने वर पाहिलं.

"तुम्ही नवा कॅमेरा आणलात ते यांना लगेच कळलं होतं. तालुक्याहून कुणी ना कुणी येतंच. मी म्हटलं, मग आता या लेन्स ठेवून काय करायच्या, कुणाच्या तरी उपयोगी पडू देत. तर म्हणाले, नाही, केदारलाच द्यायच्या. मी म्हटलं, अहो, पण त्याला त्या बसणार नाहीत." तिने पदराने तोंड पुसलं. "तर म्हणाले, बसल्या असत्या तर घेऊन गप्प राहिला असता. बसत नाहीत ना, मग तेवढं सांगायला तरी येईल. तू एकटी असशील. कुणीतरी आलेलं बरं."

वहिनी मग थांबली नाही, इतके दिवस आवरून धरलेलं सगळं तिने रडून घेतलं, आणि केदार तिच्यासमोर मान खाली घालून बसून राहिला. जयवंतवर ओरडावंसं वाटत होतं त्याला. मरणाच्या दारात बसून हा माणूस माझ्या येण्याची सोय करत होता, आणि मी? पण ज्याच्यावर ओरडायचं तो फोटोत होता, आणि तो फोटोही ओळखपत्रावरचा मोठा केलेला, कुणातरी दुसऱ्याने काढलेला.

निघताना वहिनीने पिशवी त्याच्यापुढे केली. केदारने ती घेतली नाही.

"इथेच राहू देत," तो म्हणाला. "लागल्या की मागायला येईन."

कशाला लागणार होत्या? हे तिलाही कळत होतं. मग त्यालाच आपलं बोलणं अपुरं वाटलं असावं, कारण तो दारात वळून म्हणाला, "आणि वहिनी, काच बंद कपाटात राहिली की तिला बुरशी धरते. मधूनमधून ऊन दाखवावं लागतं. ते तुम्हाला जमायचं नाही, मीच येत जाईन."

"या," ती म्हणाली, आणि पिशवी कपाटात ठेवायला आत गेली.

वाचकहो, बोलणं बंद झालेल्या कुणाकडे तरी तुमचीही एखादी वस्तू राहिली असेल. तिची गरज नसली, तरी ती मागायला जा.